आवाज कोणाचा?

फ्रँकफुर्टच्या ‘स्नॅप!’ या गटाचा पहिला अल्बम ‘वर्ल्ड पॉवर’ १९९० साली आला. गटाचे निर्माते जर्मन. रॅप करणारा टर्बो बी मात्र अमेरिकन, तो सैनिक म्हणून जर्मनीत आला होता.

त्यातले ‘द पॉवर’ हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत रॅप चिल रॉब जी याचा आणि स्त्रीस्वर जोसेलिन ब्राउन यांचा होता. दोन्ही जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेले. जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्या ठेक्यावर बसवणे म्हणजे सॅम्पलिंग. पुढच्या आवृत्तीत टर्बो बीने रॅप केला, पेनी फोर्ड गायल्या. व्हिडिओत मात्र जॅकी हॅरिस ओठ हलवताना दिसतात.

ठेका ऐकला की पाय थिरकतातच. पण ज्याचा आवाज, त्याचे नाव लोकांना कळलेच पाहिजे.