खाचरातील शेवाळ

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की बदलापूर व वांगणी यांच्यामधील चामटोली परिसरातील भातखाचरे तुडुंब भरतात. लावणी आटोपून पाणी स्थिरावले म्हणजे त्यावर निळसर हिरवा, बुळबुळीत थर दिसू लागतो. बांधावरून जाणाऱ्याचा पाय घसरला तर तो शेवाळाला दोन शब्द सुनावतो. भाताला मात्र ते उपकारकच ठरते.

शास्त्रज्ञ त्यास नीलहरित शैवल म्हणतात. वस्तुतः ते वनस्पतींच्या गोत्रातील नव्हे, जिवाणूंच्या गोत्रातील आहे. तथापि सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करण्याची कला त्यास अवगत आहे. ‘अ‍ॅनाबीना’ व ‘नॉस्टॉक’ या प्रकारांत पेशींची मण्यांसारखी माळ असते. तिच्यात मधूनमधून जाड भिंतीचा एखादा मणी असतो. हवेतील नत्रवायू बांधून घेण्याचे काम त्याचे. भातशेताला असे नत्र मिळते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिले.

याच शेवाळाचा दुसरा गुण पुष्कळ उशिरा उघडकीस आला. पिकावर फवारलेले सारेच औषध किडीच्या अंगावर पडत नाही. काही चिखलात उतरते आणि पावसाबरोबर ओढ्यातून नदीस मिळते. शेत व नदी यांत येथे अंतर ते किती! २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढा घातला व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. हेच पाणी पुढे बदलापूरच्या बंधाऱ्यावर अडवून लोकांना प्यावयास पुरविले जाते.

लिंडेन हे असेच एक चिवट कीटकनाशक. त्याच्या रेणूत कर्बाच्या सहा अणूंचे कडे असून प्रत्येकास क्लोरीनचा एकेक अणू जखडलेला असतो. त्यामुळे ते सहजी कुजत नाही. भारतात त्याचा वापर २०१३ साली बंद झाला. कुरित्झ व वोल्क या अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ साली असे दाखविले की, अ‍ॅनाबीना व नॉस्टॉक यांच्या सान्निध्यात लिंडेनचे हे क्लोरीन निखळू लागते. हे काम करणारे इतर जिवाणूही आहेत. परंतु त्यांना अन्न पुरवावे लागते. शेवाळास ऊन, हवा, पाणी व थोडे क्षार पुरेत.

मात्र शेवाळ सोडले आणि पाणी निर्मळ झाले, असे घडत नाही. लिंडेन मोडताना निर्माण होणारी काही द्रव्येही अपायकारक असतात. कित्येक तणनाशके तर शेवाळाची अन्न बनविण्याची क्रियाच बंद पाडतात. शिवाय याच कुळातील ‘मायक्रोसिस्टिस’ साचलेल्या पाण्यात माजले म्हणजे स्वतःच विष निर्माण करते. यास्तव शेवाळ नदीत सोडण्यापेक्षा दूषित पाणी निराळ्या हौदात घ्यावे, त्यात पारखलेली जात वाढवावी आणि काम होताच ती गाळून काढावी, हे बरे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अ‍ॅनाबीनाची एक जात पाण्यातील युरेनियम धरून ठेवते असे आढळले आहे. पण युरेनियम काही मोडत नाही, तेव्हा तेथेही शेवाळ पाण्याबाहेर काढल्यावाचून गत्यंतर नसते.