परवलीच्या शब्दाची निगराणी

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगळुरूच्या बिगबास्केट या घरपोच किराणा पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरातून सुमारे २ कोटी ग्राहकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारखा आणि परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे चोरीस गेली. नोव्हेंबरात बभ्रा झाल्यावर कंपनीने शहर पोलिसांच्या सायबर शाखेकडे फिर्याद दिली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो सारा ऐवज इंटरनेटवर विनामूल्य खुला झाला. ही रूपे ज्या ‘शा-१’ पद्धतीने घडविली होती, तिची गणना इतकी शीघ्र होते की आखूड वा परिचित शब्द, संगणक लक्षावधी शब्द ओळीने ताडून पाहू लागताच, अल्पावधीत उघडा पडतो. भाजीच्या मागणीसाठी योजलेलाच शब्द जो गृहस्थ ई-मेललाही लावतो, त्याचे संकट तर त्या एका दुकानापुरते राहातच नाही. कारण इतर बहुतेक खात्यांचे शब्द बदलण्याची मुभा ई-मेलद्वारेच मिळत असते. यास्तव निदान ई-मेल व बँक यांचे शब्द सर्वस्वी स्वतंत्र असावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ साली ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती अनावश्यक ठरवून लांबीला महत्त्व दिले. तेव्हा चार-पाच असंबद्ध शब्दांची जुळणी इष्ट. उरलेल्या खात्यांच्या शब्दांचा भार पासवर्ड मॅनेजरवर सोपवावा, दुहेरी पडताळणी चालू ठेवावी, आणि समोरचा इसम बँकेचा अधिकारी म्हणवीत असला तरी त्यास ओटीपी सांगू नये. रक्कम गेलीच तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर वर्दी द्यावी.