गिअर ऑइल खरंच ‘लाइफटाइम’ असतं का? सावद्याच्या उन्हात गिअरबॉक्स बसण्याआधी गाडी काय सांगते, जाणून घ्या

दुसरा गिअर टाकताना ‘कर्र’ असा आवाज येतो. सकाळी रिव्हर्स लवकर पडत नाही. गाडी उभी असते त्या फरशीवर तेलाचा एक डाग दिसतो. ‘गाडी जुनी झाली’ म्हणून आपण हे सोडून देतो. मग ऐन लग्नसराईत गाडी रस्त्यात अडते आणि गॅरेजवाले सांगतात, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ कारच्या दुरुस्तीत इंजिनच्या कामाखालोखाल खिसा रिकामा करणारं हे वाक्य आहे. बऱ्याचदा ते टाळता येतं, तेही दोन लिटर तेलावर.

सावद्यात वेगळं काय?

‘गिअर ऑइल लाइफटाइम असतं, बदलायची गरज नाही,’ असं अनेकांनी ऐकलेलं असतं. पण गाडीसोबत मिळालेली पुस्तिका नीट उघडली, तर बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत देखभालीचे दोन तक्ते सापडतात. पहिला सर्वसाधारण वापरासाठी. दुसरा कठीण परिस्थितीतल्या वापरासाठी, आणि त्यात ऑइल तपासण्याची, बदलण्याची मुदत कमी असते. वारंवार छोट्या फेऱ्या, धुळीचे आणि खराब रस्ते, जास्त ओझं अशा अटी या दुसऱ्या तक्त्यात असतात.

आता सावद्याची गाडी बघा. फैजपूरपर्यंतच्या छोट्या फेऱ्या रोजच्या. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर केळीने भरलेल्या ट्रकमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगत जाणं आलंच. पुढे बागेपर्यंतचा मातीचा रस्ता. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे. सुट्टीत पालचा घाट, छत्रपती संभाजीनगरला जायचं तर अजिंठ्याचा घाट, तोही पाच माणसं आणि सामानासह. म्हणजे आपल्या भागातली बहुतेक वाहनं दुसऱ्या तक्त्यात बसतात आणि आपण देखभाल पहिल्या तक्त्याप्रमाणे करतो. तीही केली तर.

उष्णतेचं गणित साधं आहे. तेलाचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा वंगणशास्त्रातला ढोबळ नियम आहे. हवामानाचा फटका मोठ्या कंपन्यांनाही बसला आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून खनिज ऑइल भरण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण-दमट हवा आणि सतत थांबत-चालत गाडी चालवणं, यात त्या ऑइलमुळे विद्युत बिघाड होऊ शकतो, असं कारण कंपनीनं दिलं होतं.

आधी ओळखा : दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स खोलला जातो आणि दोष निघतो क्लचमध्ये. काही गोष्टी घरीच तपासता येतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हा सहज पडतात, पण इंजिन सुरू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स कुरकुरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. केबलची सेटिंग, क्लचचं ऑइल किंवा सिलिंडर एवढ्यावरही काम भागू शकतं. चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला, इंजिनचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट झिजली आहे.

आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला, विशेषतः दुसऱ्याला, कर्र होत असेल, तर सिंक्रोनायझरची पितळी रिंग झिजलेली असते. चालता चालता गिअर निसटून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर मात्र दिरंगाई नको. वळणावर ‘टक टक’ आवाज हा गिअरबॉक्सचा नसून एक्सलच्या सांध्याचा असतो. रबरी बूट फाटून ग्रीस गेलं आणि धूळ आत शिरली की तो येतो. बागेच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांचे हे बूट दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

ऑइलबद्दल गॅरेजमध्ये काय विचारायचं?

बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला इंजिनसारखी डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी उचलून बाजूचा फिलर बोल्ट काढायचा. साधारणपणे तेल भोकाच्या काठापर्यंत असलं की पातळी बरोबर. हे दहा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय क्वचितच होतं. पातळी कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. तेल गेलं कुठे ते शोधा. बहुधा एक्सलच्या सीलमधून गळत असतं. सील स्वस्त असतं. तेलाविना फिरलेलं बेअरिंग नाही.

ऑइल बदलताना निचरा बोल्टच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट दिसली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. नखाएवढा तुकडा दिसला तर दात किंवा बेअरिंग तुटू लागलंय. तेल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात वाहत्या नाल्यातून गाडी काढल्यावर हे हमखास तपासा.

ग्रेडवर तडजोड नको. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर तेच भरा. ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ असं इथे चालत नाही. जीएल-५ मधली जास्त गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. बिलावर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या.

आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर मजुरी एकदाच द्या. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं सील त्याच वेळी बघून घ्यायला सांगा, काढलेले जुने भाग परत मागा. फक्त प्लेट बदलून थोडे पैसे वाचवणाऱ्याला सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरताना पाहणं फारच सामान्य आहे.

ऑटोमॅटिक असेल तर?

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर मारुतीनं स्वस्त ‘एजीएस’ आणलं, आणि क्लच न दाबता चालणारी गाडी तालुक्याच्या गावांतही पोहोचली. हा प्रकार एएमटीचा. आत मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे क्लचप्लेट यातही झिजते. घाटात रांगेत थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. क्लच पेडल नसलं तरी तो हाफ क्लचच असतो.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सला त्यांचंच ऑइल लागतं. साधं गिअर ऑइल भरलं तर थोड्याच दिवसांत काम मोठं होतं.

एएमटीचा क्लच बदलल्यावर गाडीच्या संगणकाला नव्या प्लेटची ओळख स्कॅनर लावून करून द्यावी लागते. ते झालं नाही तर नवी प्लेट असूनही गाडी झटके देते. म्हणून गाडी गावात सोडण्याआधी ‘याचा स्कॅनर आहे का?’ एवढं विचारा. नसेल, तर ते एक काम जळगावला केलेलं बरं.