पाइप, एल्बो, टी: घरच्या घरी लॅपटॉप स्टँड

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला अडकलेले असतात. हात सोयीच्या उंचीवर ठेवले की पडदा खाली जातो आणि मान वाकते. न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकीय प्रारूपावरून हिशेब मांडला होता. मान 15 अंश वाकली तर तिच्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो आणि 60 अंशांना तो 27 किलोपर्यंत जातो. हे आकडे माणसांवर मोजलेले नाहीत, पण भार कसा वाढत जातो ते त्यातून कळतं.

पडदा उचलायला स्टँड हवा आणि त्यासोबत वेगळा कीबोर्ड आणि माउसही हवाच. उंच, तिरक्या लॅपटॉपवरच टायपिंग करायचं असेल तर मानेचं दुखणं मनगटात येईल. तसं असेल तर स्टँड न केलेलाच बरा.

या स्टँडची सगळी रचना एका काटकोन त्रिकोणावर उभी आहे. प्लंबिंगचे साधे एल्बो 90 अंशांचे असतात, मग उतार आणायचा कसा? काटकोन टेबलावर न ठेवता वर, मागच्या कोपऱ्यात ठेवायचा. लॅपटॉप पेलणारी बाजू 30 सेंमी, तिला काटकोनात जोडलेला मागचा पाय 16 सेंमी. मग टेबलावर पडतो तो कर्ण, बरोबर 34 सेंमी. उतार 28 अंशांचा होतो आणि कोपरा टेबलापासून 14 सेंमी वर येतो. मागचा पाय कोपऱ्याच्याही सात-साडेसात सेंमी मागे टेकतो, त्यामुळे पडदा मागे कलला तरी त्याचं वजन पायांच्या आतच राहतं आणि स्टँड उलटत नाही.

पाय आणखी लांब करून उंची वाढवण्याचा मोह होईल, पण त्याआधी लॅपटॉपची बिजागरी किती उघडते ते बघा. 28 अंशांच्या उतारावर पडदा उभा दिसायला तो 118 अंश उघडावा लागतो आणि जरासा मागे कलवायचा तर 128. बऱ्याच लॅपटॉपची धाव यापुढे फारशी नसते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. तेवढी उंची मिळत नसेल तर पाय न वाढवता स्टँडखाली जाड फळी सरकवा.

हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची सीपीव्हीसी मागा. हा फिकट पिवळसर पाइप बाहेरून सुमारे 22 मिमी जाड असतो. लागतो सव्वा मीटर. तीन मीटरची नळी घेतलीत तर दोन स्टँड होतील. काही दुकानदार फुटावर कापून देतात, तिथे साडेचार फूट घ्या. त्याच मापाचे चार एल्बो, चार टी, चार एंड कॅप आणि सोल्व्हेंट सिमेंटची सगळ्यात लहान ट्यूब घ्या. घरी हॅक्सॉ आणि पॉलिश पेपर असला की झालं.

तुकडे असे (फिटिंग जोडल्यावर ते वरच्या 30 आणि 16 सेंमीच्या जवळपास भरतात): लॅपटॉपखालच्या बाजूंसाठी 20 सेंमीचे दोन, आडवे 22 सेंमीचे दोन, पायांसाठी साडेपाच आणि सहा सेंमीचे दोन-दोन, आणि चार सेंमीचे चार छोटे. पाइपभोवती कागदाची सरळ पट्टी कडेला कड जुळवून गुंडाळा आणि तिच्याच कडेने कापा, म्हणजे काप तिरका जात नाही. दोन्ही आडवे तुकडे तंतोतंत एकाच मापाचे हवेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी चौकट पिळते आणि एक पाय अधांतरी राहतो. कापलेल्या कडा आतून-बाहेरून घासून घ्या.

आता सिमेंट न लावता जुळवणी. सपाट फरशीवर एक बाजू आडवी मांडा: पुढचा एल्बो, चार सेंमीचा तुकडा, टी, 20 सेंमीचा पाइप, मागचा एल्बो. तिथून काटकोनात पाय: साडेपाचचा तुकडा, टी, सहाचा तुकडा, कॅप. पुढच्या टीचं तोंड पायाच्या विरुद्ध दिशेला करून त्यात चार सेंमीचा तुकडा आणि कॅप बसवा. लॅपटॉप घसरू न देणारा अडसर तो हाच. पुढच्या एल्बोचं आणि पायातल्या टीचं तोंड छताकडे हवं, कारण आडवे पाइप तिथे बसणार. दुसरी बाजू पहिलीची आरशातली प्रतिमा करा. दोन्ही डाव्या केल्यात आणि सिमेंट लावलंत की सुटका नाही.

चौकट उभी करून लॅपटॉप ठेवून बघा. एक-दोन दिवस तसाच वापरा. जमलं असं वाटलं की प्रत्येक सांध्यावर पाइप आणि फिटिंग दोन्हींवरून जाणारी पेन्सिलची रेघ ओढा. मग एकेक सांधा सोडवून सिमेंट लावायचं, पाव फेरा देत पाइप आत दाबायचा, रेघ जुळवायची आणि अर्धं मिनिट धरून ठेवायचं. हे सिमेंट प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, त्यामुळे सांधा नंतर फिरवता येत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो.

लॅपटॉप पाइपवर न टेकता पाइपहून जाड असलेल्या फिटिंगवर टेकतो. म्हणून टी आणि एल्बोच्या माथ्यावर रबर चिकटवा. पंक्चरवाल्याकडे सायकलची जुनी ट्यूब मिळते. तिची रुंद कडी कापून पायांच्या कॅपवर चढवा आणि तिचेच तुकडे पुढच्या एल्बोंच्या खाली चिकटवा, टेबलावर पकड येते. पोट मोकळं राहिल्यामुळे खालच्या जाळीतून हवाही खेळते.

ही मापं साधारण 14 इंची लॅपटॉपची आहेत. तुमचा पुढून मागे 23 सेंमीपेक्षा बराच खोल असेल तर 20 सेंमीचा तुकडा तेवढा वाढवा आणि पायही त्याच प्रमाणात, म्हणजे 28 अंश तसेच राहतील.