परदेशांतील नोकरी व तेथील प्राप्तिकर

हल्लीं आपल्याकडील पुष्कळ तरुण परदेशीं नोकरीस जातात. वेतनाचा आंकडा ऐकून घरच्या मंडळीस आनंद होतो. परंतु त्यांतून कर किती वजा होईल, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. जपानचें उदाहरण घेऊन ही गोष्ट आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, कर ठरतो तो मुख्यतः मनुष्याच्या वास्तव्यावरून. मागील दहा वर्षांत ज्या परकीयाचें जपानांतील वास्तव्य पांच वर्षांहून अधिक झालेलें नाहीं, त्यास तेथील कमाईवर आणि बाहेरची जी प्राप्ति तो जपानांत आणील तिच्यावर कर पडतो. पांच वर्षें उलटलीं म्हणजे भारतांतील घराचें भाडेंही तेथें दाखवावें लागतें. एकाच प्राप्तीवर दोनदां भार पडूं नये म्हणून उभय देशांत 1989 सालीं करार झाला आहे.

तेथें कर दोन प्रकारचे असतात. पहिला राष्ट्राचा. तो वजावटी जातां उरलेल्या प्राप्तीवर शेंकडा 5 पासून 45 पर्यंत चढत जातो. मालक तो दरमहा कापून घेतो व डिसेंबरांत हिशेब पुरा करितो. दुसरा स्थानिक, सुमारें शेंकडा 10. तो मागील वर्षाच्या प्राप्तीवर बसतो आणि 1 जानेवारीस मनुष्य ज्या गांवीं राहत असेल तेथील नगरपालिका तो घेते.

आतां 2025 च्या एप्रिलांत गेलेला तरुण घ्या. पहिल्या वर्षीं त्यास हा दुसरा कर नाहीं. परंतु 2026 च्या जूनपासून तो वेतनांतून कापला जाऊं लागतो आणि हातीं येणारी रक्कम एकाएकीं घटते. जानेवारीनंतर नोकरी सोडून स्वदेशीं परतल्यानेंही हें देणें चुकत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, दुसऱ्या वर्षीं मुलाकडून पैसे कमी आले तर उधळेपणाचा संशय घेण्यापूर्वीं त्याची वेतनचिठ्ठी पाहावी. तसेंच तरुणांनीं आईबापांस पाठविलेल्या पैशांच्या बँकेच्या पावत्या व नात्याचे दाखले जपून ठेवावे. आश्रितांसाठीं वजावट मागतांना तेच लागतात. पहिल्याच वर्षीं थोडी शिल्लक बाजूस टाकणाऱ्यास दुसरें वर्ष जड जात नाहीं.