बॅटरी बदलण्याआधी

गाडी कायमची बंद पडली तर मेकॅनिकचं काम त्या मानाने सोपं असतं. बिघाड समोर असतो, तपासायला वेळ असतो आणि दुरुस्ती जमली की नाही हे लगेच कळतं. अवघड असते ती कधीकधी सुरू न होणारी गाडी. पेणच्या स्टेशनाबाहेर दिवसभर उभी राहून संध्याकाळी हाकेला ओ न देणारी, पण टोचन करून गॅरेजच्या दारात नेली की पहिल्याच सेल्फला सुरू होणारी. किंवा रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी संपल्यावर एका सकाळी रुसणारी आणि पुढचे आठ दिवस तक्रार न करणारी. अशा गाडीच्या बाबतीत आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे नवी बॅटरी. तेवढ्याने भागलं नाही तर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, आणि त्यानेही नाही तर किल्लीचा स्विच. माझं म्हणणं असं की ही पद्धत महागडी तर आहेच, पण ती मुळात निदानच नाही. अधूनमधून येणारा बिघाड तो हजर असतानाच मोजावा लागतो. तो गायब असताना बदललेला कुठलाही भाग हा अंदाज असतो, आणि अंदाज खरा ठरल्यासारखा दिसला तरी तो खरा असेलच असं नाही.

याचं कारण सेल्फच्या भुकेत आहे. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन फिरवताना स्टार्टर साधारण 100 ते 200 अँपिअर करंट ओढतो. डिझेलला याहून जास्त लागतो. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून घेतात जेमतेम 9 ते 10 अँपिअर. आता बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा अर्थिंगच्या वायरीच्या टोकाशी गंज बसून 0.01 ओहम एवढा अवरोध तयार झाला, असं धरू. हा आकडा इतका लहान आहे की साधा मल्टिमीटर तो नीट दाखवणारही नाही. पण ओहमच्या नियमाने हिशेब केला तर हेडलाइट लावल्यावर त्या जागी 0.1 व्होल्टदेखील वाया जात नाही आणि सेल्फ मारल्यावर, 150 अँपिअरला, तब्बल दीड व्होल्ट तिथेच जिरतो. अशा दोन जागा असतील तर स्टार्टरपर्यंत जे पोहोचतं त्यात इंजिन फिरत नाही. म्हणून ‘लाइट झक्क लागतोय, हॉर्न वाजतोय, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बांधाची उघाडी गाळाने निम्मी बुजली असली तरी उन्हाळ्यात तिच्यातून पाझर सुरळीत वाहतो. ती बुजली आहे हे कळतं जुलैच्या पाण्याचा लोंढा आल्यावरच.

आणि गंज बसायला पेण-रोह्याच्या या पट्ट्याइतकी पोषक जागा शोधूनही सापडणार नाही. धरमतर खाडीचं खारं पाणी, मिठागरं, खाजणं आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास जाणारा पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्राकडच्या हवेतलं मीठ धातूवर बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि तांब्याच्या तारेवर हिरवट, शिशाच्या टर्मिनलवर पांढुरका थर चढतो. हा थर पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. वायर जिथे लगमध्ये, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीत, दाबलेली असते तिथे, वरच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली, तो आत आत सरकत जातो. त्यात महामार्गाची भर. पूर्वी 17 क्रमांकाचा आणि आता 66 क्रमांकाचा मुंबई–गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा जातो. त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून रेंगाळल्याने आलेले खड्डे आणि वळणरस्ते इथल्या प्रत्येक वाहनचालकाला पाठ आहेत. सततच्या हादऱ्यांनी टर्मिनलचा नट सैल होतो, इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी एकेक तार तुटत झिजते. सैल जोड एका हादऱ्याने सुटतो आणि दुसऱ्या हादऱ्याने पुन्हा बसतो. टोचन करून आणताना गाडी वाटेत ‘आपोआप बरी’ होते ती बरेचदा यामुळे.

आता बॅटरी बदलण्याकडे पुन्हा पाहू, कारण खरी फसगत तिथे आहे. जुनी बॅटरी काढताना दोन्ही टर्मिनल सोडवावी लागतात. मेकॅनिक ती पॉलिश पेपरने घासतो, कधी गरम पाणी ओततो, नव्या बॅटरीवर घट्ट आवळतो आणि वर व्हॅसलीन लावतो. गाडी सुरू होते. श्रेय नव्या बॅटरीला जातं, पण काम केलेलं असतं पॉलिश पेपरने. जुनी बॅटरी भंगारात गेलेली असल्यामुळे ती खरंच खराब होती का, हे आता कुणालाच तपासता येत नाही. दोष लगच्या आत किंवा अर्थिंगच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तो काही आठवड्यांनी परत येतो, आणि तेव्हा ‘बॅटरी तर नवी आहे’ म्हणून संशय स्टार्टरवर जातो. जंप स्टार्टचंही तसंच. दुसऱ्या गाडीची केबल लावल्यावर इंजिन पकडलं, म्हणजे आपली बॅटरी गेली, असं सगळे समजतात. पण ती दुसरी गाडी चालू असेल तर तिचा अल्टरनेटर 14 व्होल्टच्या आसपास देतो, आणि वाढलेला हा दाब गंजलेल्या जोडावरची तूट भरून काढतो. शिवाय काळी केबल इंजिनच्या उघड्या धातूला लावली असेल, आणि सुरक्षिततेसाठी ती तशीच लावायची असते, तर आपली खराब अर्थिंगची पट्टी टाळून करंट परस्पर परतीच्या वाटेला लागतो. म्हणजे बॅटरी पूर्ण निरोगी असतानाही जंप स्टार्ट यशस्वी होऊ शकतो.

मग बिघाड हजर असताना पाहायचं काय? सगळ्यात आधी आवाज. किल्ली फिरवल्यावर टकटकटक असा झरझर आवाज आला तर सोलेनॉइड ओढला जातोय आणि दाब कोसळल्यामुळे लगेच सुटतोय. बॅटरी उतरली आहे किंवा जाड वायरींचा जोड खराब आहे. एकच जोरदार ‘खट्’ आणि पुढे शांतता असेल तर स्टार्टरच्या आतले कार्बन झिजलेले असण्याची किंवा सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असण्याची शक्यता मोठी. स्टार्टरवर हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर संशय आणखी पक्का. काहीच आवाज नाही, पण डॅशबोर्ड उजळलेला, तर किल्लीचा स्विच, रिले, क्लचखालचा स्विच किंवा ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा स्विच. आणि इंजिन चांगलं गरगर फिरतंय पण पकडत नाही, तर तो प्रांतच निराळा: पेट्रोल पंप, इमोबिलायझर किंवा क्रँक सेन्सर. या चौथ्या प्रकारात बॅटरी बदलणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. आवाजाइतकीच महत्त्वाची वेळ. थंड इंजिन चालतं आणि लांबून येऊन दहा मिनिटं थांबल्यावरच त्रास होतो, तर उष्णतेचा संबंध आहे. तांब्याचा अवरोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. इंजिनाशेजारची मोटर 60 अंशांनी तापली तर तिच्या तारांचा अवरोध जवळजवळ पावपटीने वाढलेला असतो. क्रँक सेन्सरही अनेकदा तापल्यावरच दगा देतो आणि निवल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची, आणि तिला फार महाग साधन लागत नाही. गाडी काही तास उभी असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, 12.2 म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली. पण स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ फिरत असताना तो साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. त्याहून उपयोगी चाचणी दाब कुठे गळतो ते पाहण्याची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे, मग बॅटरी कालची असो की चार वर्षांची. पॉझिटिव्ह बाजूला स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत असंच मोजायचं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या पलीकडे गेलं तर वायर किंवा तिचा लग संशयित.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: गाडी सुरू न होण्याचं सर्वांत सामान्य कारण शेवटी बॅटरीच असतं. खरं आहे. पण थकलेल्या बॅटरीची चाल ओळखू येते. ती जास्त दिवस उभ्या गाडीत आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला त्रास देते, इंजिन कण्हत कण्हत फिरतं, आणि लांबचा फेरा झाला की दिवसभर ठीक चालते. ही चाल दिसली तर लोड टेस्ट करून खुशाल बदलावी. ज्या गाडीची वागणूक या चालीत बसत नाही, जी कधी दणक्यात फिरते आणि कधी अजिबात नाही, तिच्याबद्दल मी बोलतो आहे. उभ्या गाडीचा आणखी एक मुद्दा मुंबईला राहून पेण-रोह्याच्या घरी गाडी ठेवणाऱ्यांसाठी. घड्याळ, अलार्म, इमोबिलायझर मिळून 50 मिलिअँपिअर खातात असं धरलं तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास होतात; 35 अँपिअर-तासांची बॅटरी 20 दिवसांत 24 गमावते. ती खराब झालेली नसते, रिकामी झालेली असते. फार काळ तशीच रिकामी ठेवली तर मात्र खरोखर खराब होते.

दुसरा आक्षेप स्कॅनरचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, आता सगळं संगणकावर दिसतं, मग कानाने आवाज कशाला ऐकायचा? इंजिन फिरतं पण पकडत नाही, या प्रकारात स्कॅनर अमोल आहे. सेल्फ चालू असताना इंजिनाचे फेरे शून्य दाखवत असतील तर क्रँक सेन्सरकडे बोट जातं. पण बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या त्या जाड वायरीवर कुठलाही सेन्सर बसवलेला नसतो. लगमधला गंज स्कॅनरला दिसत नाही. फार तर ‘दाब कमी’ अशी नोंद मिळते आणि तिचा अर्थ पुन्हा ‘बॅटरी’ असाच लावला जातो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: बिघाड येण्याची वाट बघत गाडी दोन दिवस अडवून ठेवणं कुठल्या गॅरेजला परवडेल? परवडत नाही, आणि त्याला ग्राहक म्हणून आपण जबाबदार आहोत. नव्या बॅटरीचे काही हजार रुपये आपण घासाघीस करून का होईना देतो, पण तासभर मीटर लावून शेवटी एक बोल्ट घासून आवळणाऱ्या माणसाला ‘काही बदललं तर नाहीस’ म्हणून शंभर रुपये द्यायला कुरकुरतो. ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम होणार. चालकाने आपल्या परीने मेकॅनिकचा वेळ वाचवावा: मोबाइलमध्ये तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गरम की थंड, आवाज कसा होता, एवढं टिपून ठेवावं, जमलं तर किल्ली फिरवतानाचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. अशा पाच-सहा नोंदी असतील तर गाडी कोणत्या वेळी, कोणत्या स्थितीत तपासायची ते ठरवता येतं. आणि गॅरेजांनी बिलात तपासणीची रक्कम वेगळी लिहावी, भाग बदललेला असो वा नसो. ती सुरुवातीलाच सांगावी, आणि मोजलेले व्होल्टचे आकडे तिच्याखाली नोंदवावेत.