जाळ नको, धग हवी

भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून झाली की ती चुलीच्या तोंडाशी आराला उभी करतात. त्याआधी बाईचा हात आपोआप एक काम करतो: जळती लाकडं मागं सारायची आणि निखारे पुढं ओढायचे. जाळाला भाकरी करपते, आराला फुगते. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठल्याही गावच्या स्वयंपाकघरात हे ज्ञान आईकडून लेकीकडं न सांगता गेलेलं आहे. लाकडानं घर ऊबदार ठेवायचं असेल तर शेगडी निवडतानाही नेमकं हेच ज्ञान लागतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर दोन चादरी लागतात आणि जांबोटी-कणकुंबीकडं त्याहून जास्त. त्या बाजूला आता शेतघरं उभी राहताहेत आणि बैठकीच्या खोलीत लाकडावरची शेगडी बसवायची हौस वाढते आहे. घेणारा माणूस विचारतो, केवढी मोठी घेऊ? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. आग केवढी, यापेक्षा आगीच्या भोवती काय आहे, ते आधी बघायला हवं.

लाकूड एकसारखं जळत नाही, हा त्याचा स्वभाव आहे. तापलं की वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. आपल्याला जो जाळ दिसतो तो या वायूंचा. तो भराभर येतो आणि भराभर संपतो. मागं उरतो कोळसा, म्हणजेच आर. तो सावकाश, बिनज्योतीचा जळत राहतो. म्हणजे एकाच ढलपीतून आधी उष्णतेचा लोंढा येतो आणि मग बारीक धार. ही उष्णता एकसारखी हवी असेल तर दोनच मार्ग आहेत. लोंढा मुळातच अडवायचा, नाहीतर तो आला की कुठंतरी साठवून ठेवायचा.

पहिला मार्ग आपल्याकडं भुशाच्या शेगडीनं दाखवला. पत्र्याचा डबा, बुडाशी एका बाजूला भोक. मधोमध एक गोल दांडका उभा धरायचा, दुसरा आडवा भोकातून आत घालून त्याला भिडवायचा, आणि भोवती लाकडाच्या वखारीतला भुसा ठासून ठासून भरायचा. मग दोन्ही दांडके हळूच काढून घ्यायचे. आत बोगदा तयार होतो. पेटवलं की हवा फक्त त्या बोगद्यातून जाते, भुसा आतून बाहेर थराथरानं जळतो आणि ठासलेल्या भुशात आग एकदम पसरू शकत नाही. एकदा भरलेली शेगडी कित्येक तास जवळजवळ एकाच धगीनं चालते. मात्र भुसा सैल भरला तर बोगदा ढासळतो आणि नुसता धूर होतो. सगळी करामत ठासण्यात आहे. इतक्या स्वस्तात इतकी सम धग देणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

दुसरा मार्ग साठवणीचा, आणि घर उबवायला तोच खरा. थोडा हिशेब करू. 12 फूट लांब, 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच खोलीतली सगळी हवा 8 अंशांनी तापवायला 100 किलोकॅलरीसुद्धा लागत नाहीत. हवेत वाळवलेल्या एक किलो लाकडात साधारण 3,600 किलोकॅलरी असतात, म्हणजे मूठभर काटक्यांचं काम! मग खोली ऊबदार का राहत नाही? कारण तापलेली हवा कौलांच्या फटीतून निघून जाते आणि गार भिंती व फरशी उरलेली ऊब पिऊन टाकतात. हवा तापवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. तापवायचं ते जड काहीतरी.

दहा किलो पत्र्याची शेगडी 50 अंशांनी तापली तर तिच्यात जेमतेम 55 किलोकॅलरी साठतात. भोवती 300 किलो विटा-मातीचं बांधकाम असेल आणि तेही तेवढंच तापलं तर साठा होतो 3,000 किलोकॅलरींचा. नुसती पत्र्याची शेगडी आग विझताच गार पडते, बांधकामातली रात्रभर ऊब सोडत राहते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, इथल्या गावागावांत काश्मीरला राहून आलेले जवान आहेत. त्यांना पत्र्याची बुखारी माहीत आहे: पेटली की जवळ बसवत नाही, विझली की थोड्याच वेळात हुडहुडी. रशियातल्या खेड्यांत याच्या उलट रीत. तिथं घरात विटांची प्रचंड भट्टी, तिच्या पोटात धूर वळणं घेत जातो, आग दिवसातून एकदा-दोनदाच पेटते आणि माणसं तिच्यावर अंथरूण घालून झोपतात. कोरियात तर धूर जमिनीखालून नेऊन घराची फरशीच तापवत आले आहेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. चुलीच्या शेजारचा वैल म्हणजे तीच युक्ती. पुढच्या तोंडातून निसटणारी उष्णता वैलाखालून जाते आणि वर ठेवलेलं दूध उतू न जाता निवांत तापतं. गुऱ्हाळाचं चुलवाण पहिल्या आधणाला चिपाड जास्त खातं, पुढच्या आधणांना कमी, कारण तोवर भोवतालची माती भरपेट तापलेली असते. आणि न्हाणीतला तांब्याचा बंब! मधून नळी, नळीत आग, भोवती पाणी. साठवणीसाठी पाण्याइतकं चांगलं साधन नाही. किलोला किलो धरलं तर ते मातीच्या पाचपट उष्णता धरतं. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला 500 किलोकॅलरी लागतात. तीन दगडांच्या चुलीवर दहातला एक भाग पाण्यात उतरतो असं धरलं तर जवळजवळ दीड किलो लाकूड जातं. दहातले तीन भाग उतरले तर अर्धा किलोसुद्धा लागत नाही. बंबात आग पाण्याच्या पोटातच असल्यामुळं उष्णता सहजासहजी निसटत नाही.

म्हणून मोठी शेगडी घेऊन तिची हवा दाबून ठेवणं ही सगळ्यांत वाईट निवड. रात्रभर पुरावी म्हणून लोक झडप बंद करतात. मग लाकूड नुसतं धुमसतं. वायू पूर्ण पेटायला साधारण 600 अंशांची उष्णता आणि भरपूर हवा लागते. दोन्ही मिळालं नाही तर ते डांबरासारखे होऊन धुराड्यात चिकटतात आणि एक दिवस धुराडंच पेट घेतं. त्यापेक्षा लहान शेगडी घ्या, ती मोकळ्या हवेनं कडक पेटवा आणि भोवती जड दगडी किंवा विटांचं काम करून घ्या.

जळण मात्र वाळलेलं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं आणि आग आधी ते पाणी उकळण्यात खर्ची पडते. बाभळीच्या फोडी करून उन्हाळाभर वाळवा, मिरगाच्या आत आडोशाला रचा. मराठीत ओलं लाकूड चुलीला चालत नाही, पण कन्नडमध्ये चुलीलाच ‘ओले’ म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ गटानं तयार केलेल्या सुधारित चुलीचं नावही ‘अस्त्र ओले’. तीन भांडी, खाली जाळी, मागं धुराडं. एका आगीची उष्णता तीन ठिकाणी धरायची. मराठी-कन्नड सीमेच्या अलीकडं-पलीकडं चुलीचं शास्त्र एकच आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. घरात बसवायची शेगडी कुठलीही घ्या, तिचं धुराडं छपराच्या वर गेलंच पाहिजे. आर धूर सोडत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घेऊ नका. थंडी फार असेल तर शेगडीवर विटा तापवा, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवा आणि शेगडी बाहेर अंगणात नेऊन ठेवा.